त्याची विचारपूस

कंपनीच्या कामासाठी वर्षभर अमेरिकेत राहून मी पुण्यात परतलो तो दोन गोष्टी घेऊन. एक पोटाचा घेर आणि दुसरी पोकरची विद्या. घेरात कोणाला रस नव्हता. पोकर मात्र सदाशिव पेठेतल्या माझ्या फ्लॅटवर दर रविवारी दुपारी सुरू झाला.

आम्ही चौघे, कॉलेजपासूनचे. एकाचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता, तो सकाळचा बाजार आवरून यायचा. दुसरा आमच्याच इमारतीतल्या क्लासमध्ये गणित शिकवायचा, म्हणून तो मास्तर. तिसरा मी. चौथा माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमधला, पण दुसऱ्या कंपनीत, आणि हे सगळं त्याच्याबद्दलच आहे. पैसे लावायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलं. त्याऐवजी चिंचोके, प्रत्येकाला पन्नास. ज्याचे आधी संपतील त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी मिसळ आणायची, तर्री वेगळ्या डब्यात.

मिसळ बहुतेक वेळा चौथाच आणायचा. या खेळात पत्ते वाईट असतानाही ऐटीत चिंचोके पुढे सरकवावे लागतात, म्हणजे समोरचा घाबरून पत्ते टाकतो. ह्याला ते जमायचंच नाही. हातात भिकार पत्ते आले आणि तरी डाव रेटायचा असला, की हा समोरच्याची विचारपूस सुरू करायचा. माझ्या आईचे गुडघे, गाळेवाल्याच्या धाकट्या मुलीचा टायफॉइड, मास्तरांच्या मेव्हण्याचं लग्न. चौकशी आली की पत्ते फालतू, हे आम्हा तिघांना दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. त्याला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

त्याला हे सांगावं की नाही, यावर आमच्यात एकदा वादही झाला. गाळेवाल्याचं म्हणणं, कशाला सांगायचं? आपल्याला मिसळ मिळते, त्याची दुपार आनंदात जाते, तो काही जिंकायला येत नाही. मास्तरही त्याच्याच बाजूचे. मला मात्र राहवेना. मित्र दर रविवारी फसतोय आणि आपण गंमत बघतोय हे बरं नाही, असं मी तेव्हा म्हणालो होतो. खरी गोष्ट अशी की मला शिकवण्याची खाज होती. परदेशात काहीतरी शिकून आलेल्या माणसाला ती असतेच.

एका रविवारी बाकीचे गेल्यावर त्याला थांबवून घेतलं आणि सांगून टाकलं. तो इतका ओशाळला की मलाच कसंतरी झालं. मग म्हणाला, "अरे, पण मला खरंच विचारायचं असतं."

नेमके वाईट पत्ते आल्यावरच माझ्या आईचे गुडघे कसे आठवतात, असं मी त्याला विचारलं. तो विचार करून म्हणाला, "घाबरलो की माणसं आठवतात."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. मी बसलो नाही. उलट त्याला तयार करायलाच घेतलं. आरशासमोर बसवलं. पत्ते कसेही येवोत, श्वास तोच, हात तोच, नजर तीच. आणि काही विचारायचं नाही, कोणाला काही म्हणजे काही विचारायचं नाही. मुळात कष्टाळू माणूस, सहा महिन्यांत शिकला. मिसळ आणायची पाळी आता सगळ्यांवर यायला लागली आणि गाळेवाला मला शिव्या घालायला लागला. मंडईत एकदा आमच्या ह्या चौथ्याची बायको भेटली. हसत हसतच म्हणाली की भाऊजी, काय शिकवलंत कोण जाणे, हल्ली हे घरीसुद्धा काही विचारत नाहीत. ती शाबासकी समजून मी घरी आलो.

मग मंदीचं वर्ष आलं. माणसांना एकेक करून केबिनमध्ये बोलवायचे आणि दुपारपर्यंत त्यांची टेबलं रिकामी व्हायची. आमच्या कंपनीतही झालं. तुमच्याकडे काय चाललंय, असं आम्ही त्याला दोन-तीन रविवार विचारलं. "आमच्याकडे ठीक आहे," एवढंच म्हणून तो पत्ते पिसायचा. चेहरा अगदी मी शिकवला होता तसा.

असे तीन-चार महिने गेले. एका रविवारी ऐन डावात त्याने पत्त्यांवरची नजर उचलली आणि विचारलं, "आईचे गुडघे कसे आहेत रे?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जुनी खोड परत आली, पत्ते भिकार आहेत, असं ठरवून मी माझे होते नव्हते ते सगळे चिंचोके पुढे केले. त्याने पत्ते उघडले. तीन राजे आणि दोन दश्श्या. मी साफ झोपलो, आणि खरं सांगतो, मला विलक्षण आनंद झाला. स्वतःच्या खोडीचाच गळ करून त्याने मला ओढलं होतं. मी त्याची पाठ थोपटली. याला म्हणतात शिकणं, असं बाकीच्या दोघांना ऐकवलं.

तो थोडं हसला. मग म्हणाला, "पण आहेत कसे?"

"बरे आहेत," मी म्हणालो आणि पुढचा डाव वाटायला घेतला.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला स्वारगेटच्या एसटी स्टँडवर तो बाकावरून खाली कोसळला. हार्ट अटॅक. लोकांनी त्याच्या पाकिटातलं व्हिजिटिंग कार्ड बघून ऑफिसला फोन केला. तिकडून सांगण्यात आलं की हे गृहस्थ आता इथे नाहीत, चार महिने झाले. हॉस्पिटलात त्याच्या बायकोला दोन्ही बातम्या एकदमच कळल्या. रोज सकाळी तो डबा घेऊन नेहमीच्या वेळेला निघायचा आणि दिवसभर त्या स्टँडवर बसायचा. तिथे कितीही वेळ बसलं तरी कोणी काही विचारत नाही. त्या मंगळवारी संध्याकाळी तो हॉस्पिटलातच गेला. डबा तसाच भरलेला परत आला.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी मुलीला आतल्या खोलीत अभ्यासाला पाठवलं. मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, मला तर ते काही दिसू देत नव्हते. पण तुमच्यासमोर दर रविवारी बसायचे. तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

मला दिसलं होतं. दोनदा विचारलं होतं त्याने.

"नाही, वहिनी," मी म्हणालो. श्वास तोच, नजर तीच. आणि मग मला गप्प बसवेना.

"मुलीची शाळा कशी चालली आहे?" मी विचारलं.