विहीणबाई पदरावर

माझ्या ताईच्या सासूबाईंना लग्नात आम्ही जे लुगडं दिलं, त्याच्या पदरावर त्या स्वतःच होत्या. शेपटीसकट.

हे वाचून तुम्हाला जेवढा धक्का बसला असेल, त्याच्या दहापट त्यांना बसला. आणि शंभरपट मला, कारण शेपटी मी काढली होती.

आम्ही नागपूरचे कोष्टी. गोष्ट ऐंशी सालानंतरची, मी कॉलेजात होतो (म्हणजे नाव तिथे होतं). गावातल्या सदर भागात माझा मित्र अरविंद राहायचा. त्याच्या भावाने अमेरिकेहून एक खेळ पाठवला होता. टेबलाभोवती बसायचं, एकाने राक्षस तयार करायचा आणि बाकीच्यांनी वीर होऊन त्याच्याशी लढायचं. फासा तर असा की त्याला वीस बाजू! राक्षसाचं चित्र काढून त्याखाली त्याची ताकद, त्याचं खाणं आणि त्याची कमजोरी लिहावी लागे. त्या आठवड्यात राक्षस काढायची पाळी माझी होती.

नेमक्या त्याच आठवड्यात विहीणबाई ताईच्या लग्नाची बोलणी करायला आमच्याकडे आल्या. भरदार देह, हनुवटीवर ठसठशीत तीळ, नाकात टपोरी नथ. आल्या आल्या त्यांनी चहाला पाणचट, घराला कोंदट आणि मला 'हा असाच आहे का?' म्हणून घेतलं. मी सगळं हसून सोसलं. त्या गेल्यावर बाबांच्या कपाटातून एक ग्राफचा कागद ओढला आणि रंगीत पेन्सिलींनी एकेक चौकोन भरत राक्षस काढला. धड म्हशीचं, पाय सहा, शेपटीला आकडे, हनुवटीवर तीळ आणि नाकात नथ! खाली लिहिलं, 'ताकद: अफाट. खाणं: समोर येईल ते. कमजोरी: तारीफ केली की तीन डाव गप्प.' कागदाची घडी घालून ती मागाजवळच्या कोनाड्यात ठेवली.

त्याच कोनाड्यात, तशाच कागदावर, विहीणबाईंच्या लुगड्यासाठी नक्षीवाल्याकडून काढून घेतलेला मोर होता.

शनिवारी मी सदरला जाऊन घडी उघडली तर आत मोर. अरविंद म्हणाला, "हा आम्हाले मारणार? याले तर दाणे टाकू ना बे!" मी घरी येऊन कोनाडा पाहिला, तो रिकामा. आईने चूल पेटवायला कागद घेतला असणार, असं समजून मी मोर परत ठेवला आणि निवांत झोपलो. चौकशी करणं माझ्या स्वभावात नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, विणताना बाबांना दिसलं कसं नाही? तर आमच्या धंद्यात नक्षी पाहायची नसते, मोजायची असते. ग्राफचा एक चौकोन म्हणजे पदरावरची एक जागा. आई कागद दुमडून चालू ओळ तेवढी उघडी ठेवायची आणि मोठ्याने वाचायची, बाबा त्याप्रमाणे रंगीत धागे भरायचे. त्यातून पदर मागावर पालथा विणला जातो, आणि विणला तसा गुंडाळत जातो. तीस वर्षं हे असंच चाललेलं.

मी बाजूला बसून पोहे खात होतो, तेव्हा माझ्या कानावर हेसुद्धा पडलं होतं.

"सात लाल, एक काळा, सात लाल," आई म्हणाली.

"काळा एकच काहून वं?"

"मोराचा डोळा असंल."

"इतक्या खाली डोळा?"

"तुम्ही भरा ना! नक्षीवाल्यापेक्षा तुम्हाले जास्त समजते का?"

मी आणखी पोहे मागून घेतले.

लग्नाच्या दिवशी, अक्षता पडायच्या आधी, विहिणीच्या मानाचं लुगडं द्यायची वेळ आली. विहीणबाई पाटावर बसल्या. बाबा अभिमानाने म्हणाले, "पदर उलगडा ना, विहीणबाई. माह्या हातचा आहे."

त्यांनी उलगडला.

सनईवाल्याचा श्वास मध्येच अडकला. माझ्या हातून पेढ्यांचं ताट सुटलं आणि पेढे थेट भटजींपर्यंत घरंगळत गेले.

"हे काय होय?" विहीणबाई म्हणाल्या.

"मोर..." म्हणत बाबा वाकले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नक्षी मोजायच्या ऐवजी पाहिली. "मोराले सहा पाय काहून?"

तेवढ्यात विहीणबाईंचे यजमान चष्मा सावरत पुढे आले, पदराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि खदाखदा हसले. "अवं, हे तर हुबेहूब तुह्यावानी दिसून राहिलं!"

ताई मुंडावळ्यांतून माझ्याकडे पाहत होती. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता. कागद कोणाचा, हे तिने क्षणात ओळखलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. विहीणबाई उठून गेल्या असत्या, तर मागोमाग सगळं वऱ्हाड गेलं असतं.

मला माझीच ओळ आठवली. कमजोरी!

"मावशी," मी हात जोडले, "चित्र मी काढलं. घरादाराची राखण करणारी काढायची होती. पण असा रुबाब, अशी नथ... तुमच्याशिवाय सापडलीच नाही कुठे!"

विहीणबाई गप्प राहिल्या. एक डाव. दोन डाव. तीन डाव. पदर त्यांनी दिव्याजवळ नेला.

"तीळ चुकला," त्या म्हणाल्या. "माह्या उजवीकडे आहे. इथं डावीकडे आला."

"पालथं विणलं जाते, विहीणबाई," बाबा कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "मोर इकडे पाहो का तिकडे, कोणाचं काय जाते!"

"नथ मात्र टपोरी आली," म्हणत त्यांनी तो पदर खांद्यावर घेतला, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू वीस बाजूंचा फासा आता त्यांच्या हातात होता. अक्षता पडल्या. ताई रडली, पण ते नेहमीचं रडणं होतं.

सुटलो, असं मला वाटलं.

चार वर्षांनी माझं लग्न ठरलं. बाबांनी माझं उपरणं विणायला घेतलं. नक्षीचा कागद ताईच्या सासरहून आला होता. आईने ओळी वाचल्या, बाबांनी रंग भरले, कोणीही काही पाहिलं नाही. आणि मी? मी बाजूला बसून पोहे खात होतो.

मांडवात उपरणं उलगडलं. त्यावर बारीक मानेचा, विस्कटल्या केसांचा, माझ्यासारखाच चष्मा घातलेला एक प्राणी उभा होता, हातात पोह्यांची बशी घेऊन. खाली सुबक अक्षरांत विणलं होतं, 'ताकद: काही नाही. खाणं: भरपूर.' (माझा तो कागद ताईने त्यांना कधीच दाखवला होता. आणि अक्षरं उलटी येऊ नयेत, म्हणून विहीणबाईंनी कागदावरच ती उलटी काढली होती!)

अंतरपाट खाली आला तेव्हा माझी बायको खुदकन हसली. ती उपरण्याकडे पाहून हसली की माझ्याकडे, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.