जोडहोडीवाल्यांचा पाहुणचार

भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसली आणि मी, "आज उपास आहे," असं खोटंच सांगून धरणाकाठच्या एका जोडहोडीवाल्या गृहस्थांच्या घरचं ताट नाकारलं.

नव्वदच्या सुमारास मी आणि माझा मित्र दोन होड्या बांबूंनी जोडून, शीड लावून शेवगावकडून पैठणपर्यंत धरणाच्या पाण्यावर जायचो. ते गृहस्थ काठावर राहायचे. स्वतःही तसलीच जोडहोडी हाकायचे. वाटेत नेहमी भेटायचे. कुणीही जोडहोडीवाला किनाऱ्याला लागला की आधी जेवण, मग सल्ला. सल्ला देताना बोटाने बांबू वाजवायचे.

त्या दिवशीही वाजवला. "दोर लई आवळू नका भाऊ. होड्यांना जरा हलू द्या, न्हाईतर लाटंनं बांबू मोडंल."

मी ऐकलं नाही. भर पाण्यात बांबू कडाडला. काठावरून पाहून ते आपली जोडहोडी घेऊन धावून आले! त्यांनी नवा बांबू बेताने बांधला, शीड फुगलं आणि आमची होडी अशी सुटली की मी आनंदाने ओरडायलाच लागलो.

त्यांनी हसत पिशवी पुढे केली. "केळी घ्या. तुमचा उपास न्हवं का!"



"उपास नव्हता," मी म्हणालो. "जात बघून खोटं बोललो. मला माफ करा."