विजेवरची गिटार

हमीदभाई गेल्याचा फोन मला माधवराव जोशींनी केला. हमीदभाई गिटार वाजवायचे, माधवराव डबल बास, म्हणजे ते माणसाएवढं उभं वाद्य. वेरूळ पाहून परतलेल्या पर्यटकांसमोर, जालना रोडवरच्या एका हॉटेलात दोघांनी अनेक वर्षं जॅझ वाजवलं. दफनाची वेळ सांगून झाल्यावर माधवराव म्हणाले, "पेपरात त्याच्यावर लिहिशील तेव्हा साध्या गिटारचंच लिही. ते विजेचं प्रकरण मध्ये आणू नको."

हॉटेलच्या लॉबीत कारंजं होतं. वाजवण्यापूर्वी ते बंद करायचं, ही दोघांची अट. माइक नसे. पाणी थांबलं की लोक आपोआप हळू बोलू लागत, मग पहिला सूर येई. एका संध्याकाळी हमीदभाई इलेक्ट्रिक गिटार आणि अँप्लिफायर घेऊन आले आणि कारंजं बंद करायला निघालेल्या वेटरला म्हणाले, "रहने दो."

"अरे, माणसं गप्प बसायची आपल्यासाठी," माधवराव म्हणाले.

"लई वर्षं गप्प बसवलं त्यांना. मला एक सूर लांब धरून ठेवायचाय, माधव. लाकडावर तो लगेच मरतो, यार."

"मग लग्नाच्या डीजेत जा की!"

"बोलावलं तर तिथं पण जाईन. तू येतो?"

माधवरावांनी वाद्यावर खोळ चढवली. त्यानंतर दोघं एकत्र वाजवायला बसले नाहीत. हमीदभाई विजेकडे का वळले, याची शहरानं परस्पर कारणं ठरवली... बोटं दुखतात, हॉटेलवाल्यांनी भाग पाडलं. हमीदभाईंनी एकही खोडून काढलं नाही. मी उस्मानपुऱ्यातल्या घरी जाऊन विचारलं, तेव्हा त्यांनी इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली आणि सूर विरेपर्यंत चहा पीत राहिले.

शोकसभेत माधवराव म्हणाले, परिस्थितीनं हमीदचा खरा आवाज हिरावून घेतला. हमीदभाईंची मुलगी नसरीन जागेवरूनच बोलली. "मजबुरी नव्हती, चाचा. अब्बांना तोच आवाज पाहिजे होता. तुम्ही एकदा तरी ऐकला का?"

"नाही," माधवराव म्हणाले आणि खाली बसले.

पुढच्या रविवारी ते नसरीनकडे आले. मीही होतो. तिनं मोबाईलवरचं वडिलांच्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग त्यांच्याच अँप्लिफायरला जोडलं. पहिला सूर निघाला, लांबला, लांबतच गेला... कपाटाची काच थरथरू लागली. तिनं आवाज कमी करायला अँप्लिफायरच्या बटणाकडे हात नेला.

"बटण हलवू नको, बेटा," माधवराव म्हणाले. "त्यानं ठेवलंय तिथंच राहू दे."