भोपळ्याचा कळप

काम सुटल्यापासून मिस्त्री एका जागी धड बसला असेल तर शपथ. आयुष्यभर दगडी भिंती रचलेला माणूस, हात शिवशिवायचे. म्हणून त्याने शेळ्या घेतल्या आणि त्यांच्यासाठी दगडी गोठा बांधला. घरापासून चांगला लांब, कारण बायकोला वास नको होता.

राखणीला तिच्या मेंढपाळ भावाने कुत्र्याचं पिल्लू दिलं आणि बजावलं, "ताई, पहिल्या दिवसापासून शेळ्यांतच ठेव. घरात घेऊ नकोस."

पिल्लू गोल, गुबगुबीत. तिने नाव ठेवलं भोपळ्या आणि थंडीपुरतं म्हणून चुलीजवळ पोतं अंथरलं. थंडी सरली, उन्हाळा सरला, पोतं काही हललं नाही.

आता भोपळ्या वासराएवढा झाला होता. राखण चोख करायचा, पण बायकोची. ती दळणाला निघाली की हा दारात आडवा. दूधवाला फाटकाबाहेरूनच हाक मारायचा. मिस्त्रीने आवाज चढवला की दोघांच्या मध्ये येऊन बसायचा.

"माझ्याच घरात मी पाहुणा!"

"मग पाहुण्यासारखं हळू बोला की."

एकदा भरदिवसा मोकाट कुत्री गोठ्यात शिरली आणि त्यांनी एक करडू फाडलं. भोपळ्या भुंकला खूप, पण स्वयंपाकघराचा उंबरा सोडला नाही.

तेव्हापासून मिस्त्रीला चैन नव्हतं. घास हातात असताना उठायचा, गोठ्याकडे चक्कर मारून यायचा. भोपळ्याला गोठ्यापाशी बांधून पाहिलं, तर त्याने दोर ताणताणून मान सोलून घेतली.

मेव्हणा आला. त्याने ती मान पाहिली.

"दाजी, चूक कुत्र्याची नाही. लहानपणी ज्याची ऊब मिळाली, तोच याचा कळप. म्हणजे ताई. शेळ्यामेंढरांत हा आता चालणार नाही. दगडखाणवाल्याला राखणीला हवाय, रविवारी नेतो."

"तिथे मोकळा राहील?" बायकोने विचारलं.

"साखळीला."

ती उठली. "अहो, गोठा इकडे आणा. माझ्या दारात."

"गोठा म्हणजे काय खाट आहे सरकवायला?"

"वास सोसेन मी."

मिस्त्रीने पहार उचलली. दुसऱ्याची भिंत असती तर अर्ध्या कष्टात पडली असती. ही त्याची होती. दगड दगडाला सोडेना. रविवार उजाडला तरी नवी भिंत गुडघ्याच्या वर आली नव्हती. शेळ्या अंगणातच होत्या. बायको त्यांच्यात बसून भाजी निवडायची, भोपळ्या तिच्या पायाशी. करडं त्याच्या पाठीवर चढायची आणि तो डोळे मिटून सोसायचा.

टेम्पो आला. बायको दारात उभी, भोपळ्या तिला खेटून. मेव्हण्याने मुद्दाम एक करडू मागच्या पायाला धरून ओढलं. करडू किंचाळलं.

भोपळ्याने उंबरा सोडला. बायकोला मागे टाकून तो शेळ्यांपुढे उभा ठाकला, दात दाखवत. मेव्हणा जागच्या जागी थिजला.

"दाजी, आवरा याला!"

"आधी तू करडू सोड."

त्याने सोडलं. मागे सरकत म्हणाला, "राहू दे इथेच. पण ताई, रोज शेळ्यांत बसायचं. कंटाळा नाही करायचा."

टेम्पो रिकामाच गेला. बायकोने डोळे पुसले. "आता तरी टेका जरा."

"आज भोपळ्या उठला. उद्या उठेल कशावरून?" असं म्हणून मिस्त्री पुढचा दगड हातात फिरवत त्याची सपाट बाजू शोधू लागला.