म्हात्रेदादांची सी, साहेबांची जावा

जुना कोड डिलीट करता येतो. किस्से मात्र साठतच जातात! घणसोलीतली आमची कंपनी इंटरनेटवरून फोन करायचं सॉफ्टवेअर बनवते. गिऱ्हाईकं बहुतेक न्हावा शेवा बंदराकडचे कस्टम एजंट. मी स्मिता, टेस्टर, म्हणजे दिवसभर "हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणायचा पगार घेते. मध्यंतरी साहेबांनी सगळं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचं काढलं. आता कोणत्या प्रोग्रामिंग लँग्वेजमध्ये लिहायचं, यावरून जे झालं ते सांगते.

*

जुनं सॉफ्टवेअर म्हात्रेदादांचं. माणूस घणसोली गावातलाच, सी लँग्वेजमध्ये लिहिणारा. मीटिंगमध्ये ते सीच्या बाजूने, बाकीचे जावाच्या. स्पीड, मेमरी, सिक्युरिटी, सगळ्यावर भांडण झालं.

शेवटी दादा वैतागले. "आरं, सरळ इचारा ना, नोकरी कोनाची ऱ्हानार हाय?"

सगळे लॅपटॉपमध्ये बघायला लागले. जी लँग्वेज हरेल तिची माणसं घरी जाणार, हे न सांगताच कळलेलं होतं.

*

तोडगा साहेबांनी काढला. "दोन्ही लँग्वेजसाठी नोकरीच्या जाहिराती टाका. जिला जास्त अर्ज, ती आपली!"

"का, सर?" मी विचारलं.

"उद्या कोणी सोडून गेलं तर लगेच दुसरा मिळायला नको?"

दादा म्हणाले, "लगीन ठरायच्या आधी सोडचिट्टी लिवताय, सर!"

सगळे हसले. साहेब सोडून. जावा जिंकली.

*

मग दादा घरी बसून जावा शिकले, प्रोग्रॅमही लिहून आणला. चांगला चालला. पण एचआरच्या सिस्टिममध्ये त्यांचा जावाचा अनुभव शून्य, म्हणून ग्रेड पडली फ्रेशरची!

"अभिनंदन दादा, परत तरुण झालात!" कोणीतरी ओरडलं. दादाही हसले. मला हसू आलं नाही, चीड आली.

*

नव्या सॉफ्टवेअरचा डेमो, एका कस्टम एजंटपुढे. घाईघाईत लिहिलेला कोड मधेच मेमरी साफ करायला थांबायचा, की आवाज गायब! आमचा सेल्सवाला एजंटला म्हणाला, "पलीकडचे साहेब विचार करतायत."

एजंट म्हणाला, "आमच्या धंद्यात एवढा विचार कोण करतं, हो?" आणि चहा न घेता उठला.

असं होणार, हे दादांनी आधीच मेल करून सांगितलं होतं. त्या मेलचं बक्षीस अप्रेझलमध्ये मिळालं: 'ॲटिट्यूड निगेटिव्ह.'

*

आणि हा शेवटचा. दादा रजेवर होते, मुलीच्या ॲडमिशनसाठी धावपळ चालली होती. एचआरच्या मॅडमनी त्यांना कॉन्फरन्स रूममधून, आमच्याच नव्या सॉफ्टवेअरवरून फोन लावला. कॉल रेकॉर्ड होतोय ना ते बघायला मला शेजारी बसवलं. मॅडम समोरचा मजकूर वाचायला लागल्या, "मिस्टर म्हात्रे, कळवायला वाईट वाटतं की कंपनीला तुमच्या सेवेची..."

"हॅलो? हॅलो?" दादा स्पीकरवर. "कोन हाय? आवाज येत नाय."

मॅडमनी पुन्हा वाचलं, मोठ्याने.

"माजा तुमाला येत आसंल. मंग येकाच बाजूनं आवाज हाय. टेस्टिंग चाललंय वाट्टं. स्मिता हाय का तितं? स्मिता, सर्वरवर फायरवॉल बग. आवाजाचे पोर्ट बंद असतील. उगड ते. सावकाश कर, मी थांबतो लाइनवर."

मॅडमनी माझ्याकडे बघून 'कर' अशी मान हलवली. मी पोर्ट उघडले. "हॅलो, मिस्टर म्हात्रे?" मॅडम म्हणाल्या.

"हां! आता येकदम क्लिअर!" दादा खूश झाले. "बोला म्याडम, काय म्हनत होत्या?"