कानसेनांची सुट्टी

कागद गिरणीतल्या या मिस्त्रींना सगळे कानसेन म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्राच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आवाजावरून आतलं दुखणं सांगायचं, ही त्यांची विद्या. तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, हे ते स्वतःच येताजाता ऐकवत.

सुट्टीच्या दिवशी मात्र हा माणूस ढिम्म हलायचा नाही. दाढी नाही, आंघोळ नाही. आरामखुर्ची आणि जुन्या इंग्रजी सोल-रॉक गाण्यांच्या रेकॉर्ड. एक अल्बम संपला की दुसरा. शब्द अर्धेमुर्धे कळायचे, पण गायिका कुठे दम घेते, ड्रमवाला कुठे किंचित रेंगाळतो, सगळं तोंडपाठ.

त्या दुपारी घरातली हवा तंग होती. महिनाभर त्यांना दाराची बेल ऐकू येत नव्हती. बायकोनं कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला की त्यांचं डोकं फिरायचं. त्यात कालची भर. नव्या इंजिनीयरबाई बिघाडाच्या संशयानं मोठं रोलरचं यंत्र थांबवून उघडायला निघाल्या होत्या, तेव्हा यांनी स्क्रूड्रायव्हर लावून "ठणठणीत आहे" असा निकाल दिला. यंत्र चालूच राहिलं. आज त्या यंत्रावर बायकोच्या धाकट्या भावाची पाळी होती, आणि तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

शेवटी कानसेनांनीच पैज लावली. गायिका दम घेईल तिथे बोट वर करीन. एकदा जरी चुकलो, तरी उद्या मुकाट्यानं डॉक्टरकडे येईन. आवडती रेकॉर्ड लावून त्यांनी डोळे मिटले.

पहिल्या गाण्यात बोट बरोबर वर गेलं. दुसऱ्यातही. बायकोला हायसं वाटायला हवं होतं, पण तिच्या मनात पाल चुकचुकत होती. तिसऱ्या गाण्यात तिनं आवाजाचं बटण हळूहळू फिरवत शून्यावर आणलं. आता फक्त सुईखालून किडा गुणगुणावा तसं गाणं येत होतं. तेही तिला वाकून ऐकावं लागलं. कानसेन डोलतच होते. नेमक्या जागी बोट वर गेलं.

"बघ," ते खुशीत म्हणाले, "काय सुरेख दम घेतलाय."

तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले, तशी ती बटणाकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, आवाज मी मघाशीच बंद केलाय."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आता आरडाओरडा होणार म्हणून ती मन घट्ट करून उभी राहिली. पण ते धडपडत उठले आणि त्यांनी गिरणीत इंजिनीयरबाईंना फोन लावला.

"बाई, ते यंत्र आत्ताच्या आत्ता थांबवा. माणसं बाजूला घ्या. काल मी ते ऐकलं नव्हतं. मला ते आठवलं होतं."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. त्यांना ते समजेना. त्यांनी फोन बायकोच्या कानाला लावला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"थांबवलं," ती म्हणाली. मग जवळ येऊन, मोठ्यानं, पुन्हा एकदा म्हणाली.