पाखरं उडवणारा गळा

माझ्या आतेभावाइतका बेसूर गाणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर आजवर झालेला नाही, आणि हे मी निव्वळ मत्सरापोटी सांगत नाही. थोडा मत्सर आहे, नाही कशाला म्हणू? पुढे मुंबईत इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून तो स्टेजवर उभा राहायला लागला, त्यानं स्वतः रचलेल्या गाण्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, इंग्रजी पेपरांनी त्याला रॉकवाला म्हणून डोक्यावर घेतलं. आणि शाळेत गाण्याचं पहिलं बक्षीस मिळवलेला मी तेव्हा एका सरकारी कचेरीत फायलींवर टिपणं लिहीत होतो. बक्षिसाचा तो पितळी पेला अजून माझ्या घरात आहे. नातवंडं त्यात पेन्सिली ठेवतात.

त्याचा गळा नक्की कसा होता ते लिहून कळायचं नाही. चरकात ऊस घालायचा सोडून कुणी पत्रा घातला तर जो आवाज येईल, ते याचं मंद्र सप्तक. वरच्या पट्टीबद्दल न बोललेलं बरं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मास्तरांनी त्याला बजावलं होतं, ‘तू फक्त ओठ हलव.’ याचे ओठ हलले की आतला आवाज बाहेर पडल्याशिवाय राहायचा नाही, म्हणून शेवटी प्रार्थनेच्या वेळी त्याला पाणी भरायला पाठवायला लागले. गावच्या भजनी मंडळानं मोठ्या मनानं त्याच्या हाती झांजा दिल्या. दोन एकादशा त्यांनी सोसल्या. तिसऱ्या एकादशीला यानं अभंगाच्या मधेच असा काही ठेका धरला की म्हातारी मंडळी बसल्या जागी डोलायच्या ऐवजी उसळायला लागली. झांजा परत घेण्यात आल्या. त्याला मात्र कशाचंच वाईट वाटायचं नाही. आपण बेसूर आहोत हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही. इतका आत्मविश्वास मी पुढे फक्त मंत्र्यांमध्ये पाहिला.

या गळ्याचा उपयोग सगळ्यांत आधी ओळखला तो त्याच्या बापानं. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमच्या भाषेत माझे फुवा. आम्ही गुजर, शेतीशिवाय दुसरं काही कळत नाही, आणि फुवांना तर शेतीतही फक्त दादरच कळायची. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. कणसं दुधात आली की पोपटांचे थवेच्या थवे उतरतात, आणि दाणा पक्का होईपर्यंत शेतातल्या माळ्यावर उभं राहून दिवसभर कुणीतरी राखण करायला लागते. त्या वर्षी फुवांनी शाळेतून सुटलेल्या या चिरंजीवांना माळ्यावर चढवलं आणि हातात गोफण दिली. यानं गोफण खाली ठेवली आणि गाणं म्हटलं. सगळा थवा उठला तो थेट शेजारच्या शेतात जाऊन बसला. शेजारी तक्रार घेऊन आला, पोराला दुसरीकडे तोंड करून गायला सांगा म्हणाला. फुवांची छाती फुगली. “मन्हा पोऱ्या तोंड उघडस, अन् एक पाखरू बठस नही. तुन्हा कोन शे आसा?” गुणी मुलाच्या बापाच्या चेहऱ्यावर असतं ते सगळं तेज तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मग पठ्ठ्याला रानच मोकळं मिळालं. शेताच्या चारी कोपऱ्यांत त्यानं रॉकेलचे रिकामे डबे टांगले, प्रत्येकात कमीजास्त खडे भरले आणि त्यांच्या दोऱ्या माळ्यापर्यंत आणल्या. दोन दोऱ्या हाताच्या कोपरांना, दोन पायांच्या अंगठ्यांना. डब्यांचे आवाज मनासारखे जुळेपर्यंत एकेक खडा काढ-घाल करत तो चार दिवस शेतभर पळत होता. हात मोकळे राहिले, त्यांत बटणांचा जुना बेंजो आला. आता पाय आपटला की उगवतीला खडखडाट, कोपर झटकलं की मावळतीला दणदणाट, मध्ये बेंजो आणि त्या सगळ्यावर हा गळा! गाणी त्याची स्वतःचीच, आणि सगळी पाखरांना उद्देशून. त्याच सुमारास शहाद्याकडचे पाहुणे त्याला बघायला आले. फुवांनी कौतुकानं त्यांना थेट शेतातच नेलं. पाहुण्यांनी माळ्यावर हातापायांना दोऱ्या बांधलेला, केस पिंजारलेला, घामानं निथळत ओरडणारा मुलगा पाहिला. त्यातल्या वडीलधाऱ्यानं अगदी हलक्या आवाजात विचारलं, “पोऱ्याले बांधीसन ठेवाले किती वरीस व्हयनात?” सोयरीक जमली नाही हे सांगायला नकोच. आत्या आठ दिवस जेवताना रडत होती. हा म्हणाला, बरं झालं, त्या मुलीला पाखरांची भीती वाटली असती.

माळ्यावर त्याची अशी पाच वर्षं गेली. बेंजोच्या तारा तो दर आठवड्याला तोडायचा. नंदुरबारला पेट्या, बेंजो आणि बँडची वाद्यं दुरुस्त करणारे एक चाचा होते. बेंजोवर हा पोरगा कुऱ्हाड चालवतो की काय, ते बघायला एकदा ते स्वतः सायकल हाणत आले. बांधावर बसून त्यांनी तासभर ऐकलं. मग उठून म्हणाले, “बेटा, सूर का तो खुदा जाने, लेकिन मेरे पैर नहीं रुक रहे!” चाचांचा भाचा मुंबईत एका हॉटेलच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. चाचांनी त्याला लिहिलं, आणि पुढच्या हंगामात उत्तर आलं : एक जागा रिकामी आहे, पोराला पंधरा दिवसांत पाठवा, नाहीतर दुसरा घेतील.

पत्र घेऊन हा माझ्याकडे धावत आला, कारण ते आधी मला वाचून दाखवायचं होतं. आजवर त्याला कुणी ‘ये, गा’ असं म्हटलंच नव्हतं हो. सगळे एक तर ‘गप’ म्हणायचे किंवा ‘पाखरं उडव’ म्हणायचे. आम्ही दोघं फुवांपुढे जाऊन उभे राहिलो. फुवांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “दादर दानामा भरी ऱ्हायनी. कापनी व्हऊ दे, मंग जाय.” कापणीला महिना होता. दुसऱ्या एखाद्या बापानं गाण्याबजावण्यात काय ठेवलंय म्हणून पोराला अडवलं असतं. इथे गाण्याची किंमत पुरेपूर कळली होती, तीच आडवी आली.

मला वाटलं, हा भांडेल, पळून जाईल. तो मुकाट्यानं माळ्यावर गेला, दोऱ्या बांधून घेतल्या आणि उभा राहिला. पण तोंडातून आवाज निघेना. मी खालून म्हटलं, “अरे, निदान ओरड तरी!” तो म्हणाला, “येत नाही रे. खरंच येत नाही.” हट्ट नव्हता तो, मी त्याचे डोळे पाहिले होते. तीन दिवस पोपट खुशाल उतरत होते. फुवा बांधावर येऊन उभे राहायचे, कान देऊन ऐकायचे आणि परत जायचे. चौथ्या दिवशी ते माळ्याखाली आले आणि वर न बघता म्हणाले, “मुका पोऱ्या ठेईसन मी काय करू? सकायनी मोटर पकड. जाय मुंबईले.” मोटरीला पोहोचवायला मात्र ते आले नाहीत. मीच गेलो. बेंजो केळीच्या पानात गुंडाळून तो टपावर ठेवायला निघाला होता, कंडक्टरनं दया येऊन आत घेऊ दिला.

सात-आठ दिवसांनी मी त्यांच्या शेताकडून चाललो होतो, तर माळ्यावरून गाणं ऐकू आलं. फुवा उभे होते. साठीचा माणूस, दोऱ्या हातात गोळा करून धरलेल्या, आणि बारीक, गोड, अगदी सुरेल आवाजात म्हणत होते :

उड रे पोपट, उड रे पोपट,
मन्हा बाप शे भलता तापट.
तुले पंख शेतस रे भाऊ,
मी आठून कसा जाऊ?

एक शब्द चुकला नाही, एक ओळ गाळली नाही. मला पाहून ते थांबले. मी विचारलं, “फुवा, सगळं पाठ शे?”

“सहा वरीस आयकेल शे,” ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. माळ्याच्या चारी बाजूंना पोपट कणसांवर निवांत बसले होते, आणि अर्धं शेत तर खाऊन झालं होतं.

थोड्या वेळानं फुवांनी मला हाक मारली. “त्याले लिखी धाड. दादर बराबर शे. एक बी पोपट बठस नही.”

मी घरी गेलो आणि तसंच लिहिलं.